पावसात मासे गरवायला जाताना अंगात काय घालावं?

जुलैतली सकाळ, मुंबईत मढच्या किनाऱ्यावरची खडपं म्हणजे समुद्रातले खडक, आणि मला हुडहुडी भरलेली. हवा २६ अंशांची असेल. एवढ्या हवेत घरी आपण पंखा पाचवर ठेवून झोपतो. पहाटे साडेपाचला जाऊन बसलो होतो. थंडी वाजू नये म्हणून मुद्दाम जाड सुती हुडी घातली होती. सातच्या सुमारास सर आली, अर्धा तास कोसळली आणि गेली. मागे वारा मात्र तसाच राहिला. साडेआठपर्यंत माझी बोटं इतकी थरथरायला लागली की गरीला कोळंबी लावता येईना, दोरीची गाठ बसेना.

थोड्या अंतरावर कोळीवाड्यातले एक दादूस पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ते अंगातलं काढ पहिलं. उघडा बस, पण ते काढ."

काढलं. पाच-सात मिनिटांत अंग वाळलं आणि दात वाजायचे थांबले. मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली एक जुनी, पातळ, खेळाडू घालतात तसली जर्सी मला दिली. ती घातल्यावर दहा मिनिटांत हात पुन्हा माझ्या ताब्यात आले.

उघड्या अंगाला थंडी कमी आणि जाड कपड्यात जास्त, हे कसं? एवढं कोडं सुटलं की पावसात मासे गरवायला जाताना कोणतं जॅकेट घ्यायचं, फ्लीस (लोकरीसारखी लव असलेला पॉलिस्टरचा कपडा) घ्यायचा की नाही, घ्यायचा तर किती जाड, यातली बरीचशी उत्तरं आपोआप मिळतात.

थंडी हवेची नसते, पाण्याची असते

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. मुंबईत पावसाळ्यात हवा २५ ते ३० अंशांच्या दरम्यान राहते. फरक फार नाही. कोरडे असलो तर शरीर स्वतःच्या उष्णतेवर तो सहज भरून काढतं. शांत बसलेला माणूससुद्धा शंभर वॉटच्या जुन्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतो.

भिजल्यावर दोन गोष्टी बदलतात. पहिली अशी की स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २४ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणजे कातडीला चिकटलेला ओला कपडा म्हणजे अंगातली उष्णता बाहेर नेणारा रस्ताच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कपड्यातलं पाणी वाऱ्यानं वाळू लागतं, आणि वाळताना ते उष्णता मागतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमानं: माठ पाझरतो, बाहेरचा ओलावा वाळतो आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातो. ओल्या कपड्यात वाऱ्यावर बसलेला माणूस म्हणजे माठच.

आता हिशेब करू. जाड सुती हुडीत सहज पाव लिटर पाणी मुरतं, बरेचदा त्याहून जास्त. पाव लिटर पाणी पूर्ण वाळायला सुमारे १४५ किलोकॅलरी हवी. स्वस्थ बसलेलं शरीर तासाला साधारण ८०-८५ किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे ती हुडी अंगावर वाळवायची तर पावणेदोन तासांची कमाई लागते. ही सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, थोडी आजूबाजूची हवाही देते. पण वारा चालू असताना मोठा भार आपल्यावरच येतो. उघड्या अंगावर मात्र जेमतेम थेंबांचा एक थर असतो. तो काही मिनिटांत वाळतो आणि वसुली तिथेच थांबते. दादूसांनी माझ्या अंगावरून माठ उतरवला होता.

म्हणून मुंबईच्या पावसात 'गरम कपडा' शोधत गेलं की चूक होते. इथे पाणी कमी पिणारा, लवकर वाळणारा कपडा शोधावा लागतो. ऊब त्याच्या पाठोपाठ येते.

खडपावर भिजल्यावर पाय समुद्रात सोडून पाहा. पाणी कोमट लागतं. पावसाळ्यात इथला समुद्र २८ अंशांच्या आसपास असतो. अंगावर पडणारी सर त्याहून थंड, आणि वाऱ्यात वाळणारा कपडा आणखी थंड. गार करणारी गोष्ट खाली समुद्रात नसून आपल्या अंगावर आहे, हे पायाला लगेच कळतं.

घोंगडीपासून फ्लीसपर्यंत

कोणताही कपडा उष्णता तयार करत नाही. तो हवा धरून ठेवतो, एवढंच. तंतूंच्या जाळ्यात अडकलेली, न हलणारी हवा म्हणजेच ऊब. आपल्या मुलखात हे ज्ञान जुनं आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी डोक्यावरून खोळ करून शेतकरी आणि मेंढपाळ भर पावसात उभे राहत आले. लोकरीचं वैशिष्ट्य असं की स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेरही टाकते. शिवाय तिचे कुरळे तंतू भिजल्यावरही पूर्ण चपटे होत नाहीत, त्यामुळे हवेच्या कप्प्यांतले काही शाबूत राहतात. घोंगडीचा दोष वजनाचा. पूर्ण भिजली की ती उचलवत नाही, आणि वाळायला मुंबईच्या पावसाळ्यात किती दिवस लागतील ते सांगायला नको.

कापसाचं उलट आहे. साध्या हवेतच सुती धागा वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो. भिजला की तंतू फुगतात, कापड लोळागोळा होऊन कातडीला चिकटतं आणि हवेचे कप्पे पाण्यानं भरतात. उन्हाळ्यात हाच गुण सुखाचा वाटतो. पावसात तोच नडतो. जीन्सही त्यातलीच. वरती उत्तम जॅकेट आणि खाली जीन्स, असे लोक दर रविवारी दिसतात. कमरेपासून गुडघ्यापर्यंत ते गारठलेले असतात आणि नाव जॅकेटला ठेवतात.

पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा ओलावा आत घेत नाही. पाणी बसतं ते तंतूंच्या मधल्या जागेत. झटकलं, पिळलं की बरंचसं निघून जातं. हा गुण धरून १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माल्डन मिल्स या गिरणीनं फ्लीस बाजारात आणला. विणलेल्या पॉलिस्टरवर बारीक तारांचे ब्रश फिरवून धागे वर उचलायचे, मग कातरून सारखे करायचे. लोकरीसारखी लव तयार होते. गिरणीनं या कापडाचं पेटंट घेतलं नाही, म्हणूनच आज लुधियानापासून चीनपर्यंत कुठेही बनलेला फ्लीस रस्त्यावरच्या हातगाडीवर मिळतो.

दुकानात फ्लीसला १००, २००, ३०० असे आकडे ऐकू येतात. हे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, ढोबळमानानं. ३०० चा फ्लीस मुंबईत खरेदी करू नये, एवढं मी ठामपणे सांगेन. तो घातला की पहिल्या दहा मिनिटांत घाम फुटतो, आणि मग पाऊस न पडताच माणूस आतून भिजतो. २०० चा फ्लीस पवना, मुळशी, भंडारदऱ्याकडे रात्र काढणार असाल तर उपयोगी. तिथे पावसाळ्यात पारा विशीच्या आसपास येतो आणि डोंगरावरून येणारा वारा थांबत नाही. जानेवारीत पहाटे होडीतून खाडीत जाणाऱ्यालाही तो चालेल. मुंबईच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर १०० चा पुरतो. पातळ, अर्ध्या चेनचा, कॉलर उभी राहील असा. आतल्या बाजूला चौकडीसारखे उंच-सखल कप्पे असलेला फ्लीस मिळाला तर तो घ्या. उंच भाग अंगाला टेकतो, मधल्या सखल वाटांतून ओलावा निघून जातो, आणि कापड कमी असल्यानं तो वाळतोही लवकर.

फ्लीसची एक मोठी कमजोरी दुकानदार सांगत नाही. वारा त्यातून आरपार जातो. खात्री करायची तर दुकानातच कापड तोंडाला लावून फुंकर मारा, दुसऱ्या बाजूच्या तळहाताला ती जाणवेल. नुसता फ्लीस घालून समुद्रावर उभं राहिलं की वारा त्यातली साठवलेली हवा काढून घेतो आणि ऊब संपते. म्हणजे वर काहीतरी वारा अडवणारं हवंच. यावर उपाय म्हणून आत प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला 'विंडप्रूफ' फ्लीस विकतात. थंड आणि कोरड्या प्रदेशात तो चांगला. आपल्याकडे मला तो पटत नाही: घाम अडतो, वाळायला वेळ लागतो, आणि पाऊस थांबला तरी वरचा थर वेगळा काढता येत नाही. दोन वेगळे पातळ थर कधीही बरे.

गरवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काटेरी टोकाची गरी फ्लीसच्या लवेत अडकली की सरळ निघत नाही. ओढली की कापड फाटतं, नाहीतर बोटात घुसते. गरी बांधताना, आमिष लावताना फ्लीसवर गुळगुळीत कापडाचं जॅकेट असावं, नाहीतर बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या असाव्यात.

वरचं जॅकेट: पाऊस अडवणं सोपं, घाम काढणं कठीण

पाणी अडवणारं कापड करणं जुनंच तंत्र आहे. नॉर्वेतल्या हेली हॅन्सन नावाच्या जहाजी कप्तानानं १८७७ मध्ये जाड लिनन कापड जवसाच्या तेलात मुरवून दर्यावर्दींसाठी कपडे शिवायला सुरुवात केली. त्याआधी १८२३ मध्ये स्कॉटलंडचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पेटंट घेतलं होतं. आपल्या आधीच्या पिढीला रबरी वासाचे जड रेनकोट आठवत असतील, ते त्याच घराण्यातले. आज ससून डॉकवर मासळी उतरवणारे प्लास्टिकचे जाड कोट घालतात, तेही पाण्याचा एक थेंब आत घेत नाहीत.

अडचण आतली आहे. असा कोट घालून गळ टाकत, रीळ फिरवत, खडपांवरून चढ-उतार करत राहिलं की तासाभरात आतून घामाच्या धारा लागतात. तो घाम कोटाच्या आतल्या बाजूला थंड होऊन साचतो आणि पुन्हा अंगावर येतो. लोक म्हणतात, 'रेनकोट गळतोय.' गळत नसतो, तो त्यांचाच घाम असतो.

इथे श्वास घेणाऱ्या कापडांची गोष्ट सुरू होते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोर यांना सापडलं की टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक गरम करून झटक्यात ताणलं की त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. गोरटेक्स नावाचं कापड याच शोधातून आलं. ही छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान, पण पाण्याच्या वाफेच्या कणापेक्षा ७०० पट मोठी. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. त्याच तत्त्वावर, किंवा ओलावा एका बाजूनं शोषून दुसऱ्या बाजूला सोडणाऱ्या पॉलियुरेथेनच्या थरावर, आज बहुतेक महागडी जॅकेटं चालतात.

आता मुंबईतल्या खरेदीदाराला जे कुणी सांगत नाही ते सांगतो. वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आत ओलावा जास्त आणि बाहेर कमी असला तरच ती जाते. जितका फरक मोठा तितका वेग जास्त. घामेजलेल्या कातडीजवळ, ३४ अंशांना, वाफेचा दाब साधारण ५३ मिलिबार असतो. बाहेर ५ अंशांची थंड हवा असेल, आर्द्रता ९० टक्के धरली, तर तिथला दाब जेमतेम ८. फरक ४५. वाफ सुसाट बाहेर जाते. मुंबईत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरा: बाहेरचा दाब ३२. फरक राहतो २१. म्हणजे तेच जॅकेट, तेच कापड, आणि घाम बाहेर ओढणारा जोर निम्म्याहूनही कमी. जॅकेटाला दोष नाही, ते दुसऱ्या हवेसाठी बनलेलं आहे.

म्हणून मुंबईत 'श्वास घेणाऱ्या' पडद्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यापेक्षा ते पैसे जॅकेटात हवा खेळवणाऱ्या खिडक्यांवर घालावेत. काखेत चेन असलेलं जॅकेट पाहा. सर ओसरली की ती चेन उघडायची, हात वर-खाली होताना आतली दमट हवा भात्यासारखी बाहेर पडते. पाठीवर झडप आणि तिच्याखाली जाळी असेल तर आणखी छान. घेर सैल हवा. अस्तर जाळीचं असलं तर कापड अंगाला चिकटत नाही, पण जाड कापडी अस्तर अजिबात नको, ते सुती हुडीचंच काम करतं.

लेबलावर दोन आकडे असतात. पहिला पाण्याचा: ५,०००, १०,०००, २०,००० मिलिमीटर. याचा अर्थ कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर जेवढा दाब पडेल, तेवढ्यापर्यंत पाणी पाझरत नाही. १०,००० म्हणजे दहा मीटर उंचीचा स्तंभ. पडणाऱ्या सरीला एवढी ताकद नसते. पण ओल्या दगडावर बसताना, गुडघा टेकताना आणि पाठपिशवीचा पट्टा खांद्यावर दाबताना दाब बराच वाढतो, म्हणून खांदा आणि बैठक आधी भिजतात. गळ टाकून तासन्‌तास बसणाऱ्यानं १०,००० च्या खाली जाऊ नये. वीस हजाराची इथे गरज नाही. दुसरा आकडा वाफेचा, एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम बाहेर जाते त्याचा. हा आकडा प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत मोजलेला असतो आणि कंपन्या वेगवेगळ्या पद्धती वापरतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आकडे वाचून झाले की जॅकेट उलटं करा आणि शिवणी पाहा. सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गळती. चांगल्या जॅकेटाच्या आतून सगळ्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली असते. मी एकदा लेबलावरचा मोठा आकडा पाहून एक जॅकेट घेतलं होतं. पट्टी फक्त खांद्यावर होती, बगलेच्या शिवणींना नव्हती. पहिल्याच सरीत दोन्ही कुशींवरून पाणी कमरेपर्यंत उतरलं. दुकानदारानं परत घेतलं नाही. तेव्हापासून मी आधी शिवणी बघतो, मग आकडा.

गरवणाऱ्याचा हात सतत वर असतो

ट्रेकिंगचं जॅकेट आणि मासेमारीचं जॅकेट यांत खरा फरक मनगटाशी आहे. गळ फेकताना हात डोक्यावर जातो. दोरीवरचं, रॉडवरचं, पंजावरचं पाणी ओघळत बाहीत शिरतं आणि थेट कोपरापर्यंत पोचतं. सकाळभरात शंभर-दीडशे वेळा गळ फेकला तर बाही आतून ठिबकायला लागते, बाहेरून जॅकेट कितीही पक्कं असो. यासाठी मनगटाला वेल्क्रोनं घट्ट आवळता येणारी पट्टी हवी. काही जॅकेटांत आतून रबरी स्पंजाची दुसरी मनगटपट्टी असते, ती उत्तम. याच कारणासाठी आतल्या फ्लीसची बाही थोडी आखूड असावी. फ्लीसची कड जॅकेटबाहेर डोकावली की ती वातीसारखी पाणी वर ओढते.

हुड डोक्याबरोबर वळायला हवा. मान डावीकडे वळवल्यावर हुडाचं अस्तर डोळ्यासमोर येत असेल तर बाजूनं येणारी लाट दिसणार नाही, आणि खडपांवर ती चूक महागात पडते. पुढे कडक झडप असावी. ती नसेल तर आत साधी कॅप घाला, तेच काम होतं.

लोंबणाऱ्या नाड्या कापून टाका किंवा आत खोचा, दोरी त्यांच्यात हमखास गुंतते. चेन प्लास्टिकच्या दातांची घ्या. धातूची चेन खाऱ्या हवेत एका मोसमात अडकायला लागते. रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: पिवळा, केशरी, लाल. काळा, राखाडी आणि लष्करी हिरवा हे रंग ओल्या खडपांत पूर्ण मिसळून जातात, आणि कुणी घसरून पाण्यात पडला तर शोधणाऱ्याला ते दिसत नाहीत. माशाला रंग दिसेल ही काळजी उधाणलेल्या गढूळ पाण्यात करायचं कारण नाही. होडीत असाल तर लाइफ जॅकेट सगळ्यांत वर, म्हणून रेन जॅकेट फार लांब आणि फुगीर नको.

जॅकेट कितीही चांगलं असलं तरी वीज आणि उधाण यांच्यापुढे त्याचा काही इलाज नाही. कार्बनचा रॉड विजेचा उत्तम वाहक आहे. गडगडाट ऐकू आला की तो आडवा ठेवून खडपांवरून निघायचं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर होतात. त्या दिवशी घरी बसायचं. आणि सोबतचा माणूस खूप कुडकुडत असताना अचानक कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्याही बरंच खाली गेल्याची ती खूण असू शकते. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, आडोशाला न्या आणि तडक दवाखाना गाठा.

फ्लीस अंगात नको, पिशवीत हवा

दादूसांच्या जर्सीतली गोष्ट मला उशिरा समजली. ती ऊबदार होती म्हणून उपयोगी पडली असं नाही. ती कोरडी होती.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मोठी मासेमारी पुन्हा जोरात सुरू होते. मधल्या काळात कोळीवाड्यातली माणसं खाडीत, खडपांवर पाग मारताना दिसतात. त्यांच्या अंगावर पाहा: अर्धी चड्डी, पातळ पॉलिस्टरची जर्सी, फार तर वरून प्लास्टिकचा कोट. पाणी धरून ठेवेल असं काही नाहीच. शिवाय हात-पाय सतत चालू, म्हणून अंगात ऊब. गळ टाकून बसणारा मात्र निवांत बसतो आणि निवतो. त्याला एक थर जास्त लागतो, पण तो कधी घालायचा हे कळलं पाहिजे.

माझी पद्धत आता अशी आहे. निघताना अंगात बिनसुती पातळ टी-शर्ट आणि वर रेन जॅकेट, बस. पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे. उबदार वाटत असेल तर चालताना घाम येणार हे नक्की. १०० चा फ्लीस दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड गुंडाळून. जागेवर बसलो, घाम वाळला, वारा झोंबायला लागला की जॅकेट उघडून आत फ्लीस चढवायचा. खडपांवरून परत चालायला लागायच्या आधी तो काढून पिशवीत. सर मोठी असेल आणि पिशवी उघडणंच शक्य नसेल तर तो तसाच ठेवतो. कारण त्याची खरी गरज परतीच्या वाटेवर असते.

मढहून मालाडला दुचाकीवर येताना अंगावर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असतो आणि कपडे भिजलेले असतात. खडपावर चार तासांत जेवढी थंडी वाजत नाही तेवढी त्या अर्ध्या तासात वाजते. ओल्या कपड्यांनी एसी बसमध्ये किंवा एसी लोकलमध्ये चढणाऱ्यांचे हाल तर डोळ्यांनी दिसतात, गारठलेली कोरडी हवा कपड्यातलं पाणी भराभर वाळवते आणि माठाचा नियम पूर्ण जोरात लागू होतो. म्हणून गाडीवर बसायच्या किंवा बस-लोकलमध्ये चढायच्या आधी आडोशाला उभं राहून ओला टी-शर्ट काढायचा, अंग पुसायचं, कोरडा फ्लीस थेट अंगावर आणि त्यावर जॅकेट. एवढ्यानं घरी पोचेपर्यंतचा प्रवास सुसह्य होतो.

खारं पाणी आणि कपाट

घरी आल्यावर जॅकेट आणि फ्लीस दोन्ही गोड्या पाण्यातून काढा, तेही त्याच दिवशी. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून खारट कपडा कधी पूर्ण वाळतच नाही. पॉलिस्टरला माशाचा तेलकट वास धरून ठेवायची सवय आहे, तो नुसत्या पाण्यानं जात नाही. थोडी सौम्य पावडर चालेल, कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य मात्र नको. त्याचा थर जॅकेटावर बसला की पाणी झटकणारा लेप काम करेनासा होतो.

हा लेप म्हणजे जॅकेटाच्या बाहेरच्या कापडावरचं अगदी पातळ आवरण. नवीन जॅकेटावर पाण्याचे मणी होऊन ओघळतात ते त्याच्यामुळे. लेप झिजला की कापड पाणी पितं, जड होतं, गार पडतं आणि उरलासुरला श्वासही बंद होतो. आतला पडदा तेव्हाही पाणी अडवतच असतो, पण अंगाला मात्र भिजल्यासारखं वाटतं. लेबल परवानगी देत असेल तर धुऊन वाळलेल्या जॅकेटावर पातळ कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मणी पुन्हा दिसायला लागतात. नाही दिसले तर फवाऱ्याचा लेप विकत मिळतो.

फ्लीस धुताना त्यातून सूक्ष्म प्लास्टिकचे तंतू सुटतात आणि गटारातून शेवटी त्याच समुद्रात जातात जिथे आपण गळ टाकतो. मला हे सलतं. म्हणून मी फ्लीस मशीनमध्ये टाकत नाही, बादलीत हलक्या हातानं खळबळतो, आणि गरज असेल तेव्हाच.

वाळवायला पंख्याखाली, सावलीत. दमट असताना घडी घालून कपाटात ठेवलं तर बुरशी येते, आणि त्याहून वाईट म्हणजे पॉलियुरेथेनचा थर उष्ण, दमट हवेत हळूहळू विरघळल्यासारखा होतो. आतून चिकट लागतो, मग पापुद्रे सुटतात. मुंबईत न वापरता कपाटात पडलेलं जॅकेटही असं जातं, म्हणून जुनं 'नवंकोरं' जॅकेट स्वस्तात मिळालं तर आधी आतून नखानं हलकं खरवडून पाहा. माझी मी दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर काढतो, खांद्यावर आणि कोपरावर अंगठा दाबून पाहतो, मग न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं घालून उभा राहतो. त्यात गळलं तर पाऊस यायच्या आत दुसरं घ्यायला अजून दोन-तीन आठवडे हातात असतात.